खालून घसरगुंडी, वरून पायरी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय वाचून माझ्या जुन्या विद्यार्थिनी हसतील. ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई आता मोटारगाडीच्या लोखंडावर लिहिणार! पण गेले दोन महिने आमच्या घरात, म्हणजे मुलाच्या डेन्वरच्या घरात, या एकाच लोखंडावर चर्चा चालली होती. त्यात माझं एक ठाम मत झालं आहे, आणि मत झालं की ते फळ्यावर लिहिल्याशिवाय मास्तरणीला चैन पडत नाही.

आधी गाडीबद्दल. मुलाकडे टोयोटाची फोररनर आहे. दोन टनांहून जास्त वजनाची आणि उंच. इथल्या डोंगरांतल्या दगडधोंड्यांच्या वाटांवर जाता यावं म्हणून मुद्दाम घेतलेली. मी टेप घेऊन मोजलं, तर दाराचा उंबरा जमिनीपासून २३ इंच भरला. अमेरिकेत घरातल्या जिन्याची एक पायरी पावणेआठ इंचांपेक्षा उंच नसावी असा बांधकामाचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे या गाडीत चढणं हे तीन पायऱ्या एका ढांगेत चढणं झालं. माझा उजवा गुडघा गेली सहा वर्षं माझं ऐकत नाही. वर साडी. तुम्हीच कल्पना करा.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. त्या वेळी गाडीला दोन्ही बाजूंनी काळे, चकचकीत फूटबोर्ड होते. मुलाने गाडी घेतल्यावर एका दुकानातून बसवून घेतलेले. दिसायला भक्कम, आणि माझ्यासाठी छान, कारण रुंद होते आणि खाली होते. जुलैमध्ये आम्ही सॅन हुआन डोंगरांत अल्पाइन लूपला गेलो. पूर्वीच्या खाणींसाठी काढलेले हे रस्ते. लेक सिटीकडून इंजिनियर पासवर चढलो. उंची १२,८०० फूट. वर रानफुलांचे गालिचे, बाजूला उरलेलं बर्फ. जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. पण यूरेच्या बाजूला उतरताना वाट फार खडबडीत आहे. एका ठिकाणी गाडी दगडावरून घसरून खाली बसली, आणि माझ्या पायाखालून असा आवाज आला की पोटात गोळाच आला.

चाक निघालं, गाडी निघाली, पण माझं दार उघडेना. फूटबोर्ड वर वाकून दाराच्या खालच्या कडेत रुतला होता. मुलाने ओढून पाहिलं, सुनेने आतून ढकललं. शेवटी मला सीटवरून सरकत सरकत दुसऱ्या बाजूने उतरावं लागलं. ती बाजू माझ्या दुखऱ्या गुडघ्याची. मुलाने मला काखेत धरून, लहान मुलाला उतरवतात तसं खाली ठेवलं. मागे दोन गाड्या थांबल्या होत्या. त्यातली माणसं सभ्यपणे दुसरीकडे पाहत होती. सभ्यपणे दुसरीकडे पाहणारी माणसं किती टोचतात, ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको.

घरी आल्यावर मुलाने दोन्ही फूटबोर्ड काढून टाकले. मी ऑक्टोबरमध्ये परत गेले आणि यंदा मे महिन्यात पुन्हा आले, तर गाडी तशीच बोडकी. "आई, आता रॉक स्लायडरच बसवणार. खरे. शोधतोय," असं तो म्हणाला. त्याचं शोधणं म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, रात्री बारापर्यंत कॉम्प्युटर. तोवर शनिवार-रविवार आले की मी सांगायची, "तुम्ही जा, मला जरा वाचायचं आहे." एकदा डोकं दुखत होतं, एकदा चतुर्थी होती. शेवटी नातीने विचारलं, "आजी, तुला डोंगर आवडत नाहीत का?"

आता त्या पोरीला काय सांगू? डोंगर आवडतात गं, पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत उचलून घेतलेलं आवडत नाही. पण तेच सांगितलं. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. मुलगा गप्प झाला. म्हणाला, "मला वाटलं तू कंटाळलीस." एकाच घरात राहून माणसं एकमेकांबद्दल काय काय समजून बसतात!

त्या रात्रीपासून स्लायडर हा त्याचा एकट्याचा विषय राहिला नाही. मी पण वही घेऊन बसले. जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते.

रॉक स्लायडर म्हणजे दारांखाली, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये, गाडीच्या लांबीने बसवलेली जाड पोलादी नळी किंवा चौकोनी पाइप. दाराखालचा पत्र्याचा भाग नाजूक असतो. दगडावर आपटला तर तो चेपतो आणि दार बसत नाही. स्लायडर गाडीचं वजन स्वतःवर घेतो आणि गाडी दगडावरून घसरत पुढे जाते. म्हणून स्लायडर. नातीने लगेच भाषांतर केलं.. घसरगुंडी! "बाबा आजीसाठी घसरगुंडी आणणार!" सगळे हसले, पण मला वाटतं मुद्दा तिनेच पकडला. जी वस्तू घसरण्यासाठी केली आहे, तिच्यावर आम्ही म्हातारीचा पाय ठेवायला निघालो होतो. म्हणजे ती खालून घसरली पाहिजे आणि वरून घसरता कामा नये.

यातली पहिली गोष्ट ताकदीची. इथे फूटबोर्ड आणि स्लायडर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो वरून अजिबात दिसत नाही. दोन्ही काळे, दोन्ही नळीचे. फरक बघायचा तर गाडीखाली वाकायला हवं. मला वाकता येत नाही, म्हणून मुलाने मोबाइल गाडीखाली धरून फोटो काढून दाखवले. आमचा फूटबोर्ड पातळ पट्ट्यांनी दाराखालच्या पत्र्यालाच अडकवलेला होता. माणसाचं वजन पेलायला तेवढं पुरतं. खऱ्या स्लायडरचे तीन-चार जाड पाय थेट चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असतात. काही वेल्डिंगने, काही नटबोल्टने. वेल्डिंगचं काम कायमचं आणि मजबूत, पण कारागीर चांगला हवा, आणि जिथे रंग जळतो तिथे नीट रंगवलं नाही तर गंज धरतो. या भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर क्षार टाकतात, त्यामुळे गंजाची भीती जास्त. नटबोल्टचा स्लायडर काढता येतो, मात्र काही दिवसांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळून बघावे लागतात. आम्ही नटबोल्टचा घेतला. फोररनरच्या काही गाड्यांना हायड्रॉलिक सस्पेन्शनची एक खास व्यवस्था असते, केडीएसएस नावाची. तिच्या नळ्या वाटेत येतात म्हणून अशा गाडीसाठी स्लायडर वेगळा मागवावा लागतो. मुलाच्या गाडीला ती नाही. पण पैसे भरण्याआधी आपल्या गाडीत काय आहे ते बघून घ्यावं हे बरं.

तर पहिला धडा असा. गाडीचं वजन पेलणारी वस्तू माझं वजन पेलेलच, पण माझं वजन पेलणारी वस्तू गाडीचं पेलेल असं नाही. आम्ही पहिल्यांदा उलटं गणित मांडलं आणि ते डोंगरात चुकलं.

दुसरी गोष्ट आकाराची. खरा वाद इथेच झाला. मुलाचे दोन मित्र आहेत, दोघेही सुट्टी मिळाली की मोआबला, युटामधल्या त्या लाल खडकांवर गाड्या घेऊन जाणारे. त्यांचं म्हणणं की खरा स्लायडर पायरी नसतो. तो दाराला चिकटून, बाहेरची कड वर उचललेला असावा, म्हणजे दगडाला कमीत कमी लागेल. पायरी हवी असेल तर पायरी घ्या, दोन्ही एकात मागू नका. मुलालाही ते पटलं होतं.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. स्लायडर सपाट असेल तर बाहेरची कड खाली राहते. वीस अंशांनी वर उचललेला असेल तर सहा इंच रुंदीवर तीच कड साधारण दोन इंच वर जाते. ते दोन इंच मुलाला हवे होते आणि तेच दोन इंच मलाही हवे होते. त्याला वर, मला खाली. जमिनीच्या वाटणीत भावाभावांचे वाद बघितले आहेत, पण दोन इंच हवेसाठी मायलेकांचा वाद पहिल्यांदाच!

मग मी शिक्षिकेला शोभेल असं केलं, हजेरी घेतली. वर्षातून दगडांच्या वाटेवर जाण्याचे दिवस किती? मुलाने मोजून सांगितले, आठ, फार तर दहा. आणि ऑफिस, नातीची शाळा, वाणसामान, डॉक्टर, देऊळ यांसाठी या गाडीत चढण्या-उतरण्याचे प्रसंग? एकट्या नातीचेच वर्षाला सहाशेच्या वर निघाले. त्या आठ-दहा दिवसांतही एकेका दिवशी आम्ही वीस वेळा फोटो काढायला उतरतो. म्हणजे स्लायडरला दगड लागणार वर्षातून थोडे वेळा आणि पाय लागणार हजार वेळा. मग तो हजार वेळांचा हिशेब "शोभेची सोय" म्हणून का सोडून द्यायचा?

माझं मत असं आहे, आणि ते मी त्या दोन मित्रांनाही चहा देऊन ऐकवलं. ताकद दगडाच्या हिशेबाने घ्यावी आणि आकार पायाच्या हिशेबाने. ताकदीत तडजोड केली तर एका दिवसात घात होतो. आकारात दगडाकडे झुकलात तर घात होत नाही, फक्त घरातलं एक माणूस हळूहळू गाडीत बसायचं बंद होतं. ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ते माणूस "मला वाचायचं आहे" म्हणतं.

पायाचा हिशेब म्हणजे काय, ते जरा विस्ताराने सांगते, कारण हे जाहिरातीत कुठे नसतं.

नुसती गोल नळी असेल तर तिच्यावर पाय ठरत नाही, ओली असेल तर विचारूच नका. म्हणून आतली आणि बाहेरची नळी यांच्यामधली फट वरून पत्र्याने झाकलेला घ्यावा. पत्र्याचे दोन प्रकार असतात. एक आपल्या एसटीच्या पायरीवर असतो तसा उठावाच्या नक्षीचा आणि दुसरा गोल भोकं पाडून त्यांच्या कडा उचललेला. भोकांच्या पत्र्यातून बर्फ आणि चिखल खाली पडतो. एसटीच्या पत्र्यावर बर्फ साचून दगड होतो, असं सुनेचं हिवाळ्यातल्या अनुभवाचं मत. पण भोक मोठं असेल तर माझ्या काठीचं रबरी बूड त्यात अडकणार. काठी नेऊन मापली आणि तिच्या बुडापेक्षा लहान भोकांचा पत्रा निवडला. दुकानदार बघतच राहिला. बघू दे.

रुंदी आणखी महत्त्वाची. गुडघेदुखीला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला सांगितलं आहे की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे करायचं तर पायरीवर दोन्ही पाय एकदम मावायला हवेत. एकच पाऊल मावत असेल तर एका गुडघ्यावर सगळा भार घेऊन दुसरा पाय गाडीत टाकावा लागतो, नेमकं जे जमत नाही तेच. यात एक गंमत लक्षात आली. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे मी उजव्या दाराने चढते आणि गाडीकडचा पाय, म्हणजे आधी आत जाणारा पाय, डावा असतो. तो माझा चांगला. आपल्याकडे पुढच्या सीटवर डाव्या दाराने चढायचं, तिथे उजवा पाय आधी जातो. भारतात मला रिक्षापेक्षा मोटारीत बसताना जास्त त्रास का होतो, याचं उत्तर डेन्वरला येऊन मिळालं!

काही स्लायडरना मागच्या दाराशी बाहेर वळण दिलेलं असतं. मूळ हेतू असा की मागचं चाक दगडापासून किंवा झाडापासून लांब ढकललं जावं. पण त्या वळणामुळे मागच्या दाराशी पायरी आपोआप रुंद होते. म्हणजे दगड आणि आजी यांचं एकमत झालेली ही एकच जागा. आम्ही वळणाचा घेतला आणि माझी बसायची जागा मागे ठरली.

या निवडीचे तोटेही सांगायला हवेत. सपाट आणि रुंद स्लायडर दगडाला थोडा लवकर लागणार, मुलाने ते मान्य केलं आहे. सून उंच आहे, तिला पायरी लागत नाही. ती सरळ ढांग टाकते आणि तिच्या विजारीला मागून चिखल लागतो. ती काही बोलत नाही, पण मी विजारी बघितल्या आहेत. दोन्ही स्लायडर मिळून शंभर पौंडांच्या वर वजन, तेवढं पेट्रोल जास्त. आणि किंमत हजार डॉलरच्या आगेमागे. मी सवयीने मनात रुपये केले आणि पाणी प्यायले.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी सांगते. स्लायडर कितीही पायाच्या हिशेबाने घेतला तरी तो पूर्ण पायरी होत नाही. तो फार खाली लोंबला तर त्याचं मूळ कामच बिघडतं. आमचा बसवल्यावर मोजला, जमिनीपासून वरची कड साडेसतरा इंच. म्हणजे तरीही दोन पायऱ्यांची एक ढांग. विकणारा "स्लायडर आणि स्टेप, टू इन वन" म्हणतो तेव्हा हे साडेसतरा इंच तो सांगत नाही. घरात वयस्क माणूस असेल तर टेप घेऊन जा आणि त्या माणसालाही घेऊन जा. फोटो बघून पायरी विकत घेऊ नका.

आमचा उरलेला प्रश्न नातीने सोडवला. बाथरूममध्ये तिचं घडीचं प्लॅस्टिकचं स्टूल होतं, नऊ इंचांचं. आता हिशेब बघा. नऊ इंचांवर स्टूल, तिथून साडेआठ इंचांवर स्लायडर, तिथून साडेपाच इंचांवर गाडी. तीन पायऱ्या, तिन्ही माझ्या आवाक्यातल्या. स्टुलाच्या मुठीला परकराची जुनी नाडी बांधली आहे. मी आत बसले की नाडीने स्टूल ओढून पायाशी घेते. कुणाला खाली उतरून मागे यायला लागत नाही.

हे लिहिताना मला टांग्याची पायरी आठवते आहे. माझी आई नऊवारीत टांग्यात चढायची. मागे तळहाताएवढी लोखंडी पायरी. ती पाय ठेवायची की टांगा मागे कलायचा, टांगेवाला ओरडायचा, "पुढे सरका!" टांगा बनवणाऱ्याने चाकाचा विचार केला, घोड्याचा केला, आणि उरलेल्या तुकड्यातून पायरी केली असावी असं मला तेव्हाही वाटायचं. एसटीची पहिली पायरीही तशीच, कंडक्टरने हात दिल्याशिवाय कित्येक बायांना ती चढता येत नसे. आपण वाहन घेताना शेवटी विचार करतो तो चढणाऱ्याचा.

साताऱ्याच्या भाच्यासाठी दोन ओळी, कारण तो हे वाचणार आणि त्याच्याकडे थार आहे. बाबा रे, इथलं बघून लगेच तिकडे काही बसवू नकोस. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाड्यांपुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत बसत नाहीत असे फेरफार गाडीत करता येणार नाहीत, असा निकाल दिला. तेव्हा आधी आरटीओत विचार. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ती पायरी तर या सगळ्या पायऱ्यांहून उंच! आणि तुझ्या आईला गाडीत कसं चढता येतं ते एकदा नीट बघ. तिला विचारू नकोस, ती "जमतं रे" म्हणेल. नुसतं बघ.

असो. बरंच लांबलं. परवा रविवारी आम्ही पुन्हा डोंगरात गेलो होतो. एका ठिकाणी खालून करकर आवाज आला, मी डोळे मिटून घेतले. गाडी घसरली आणि पुढे गेली. दार उघडून पाहिलं, तर उघडलं. स्टूल खाली ठेवलं, आधी दुखरा पाय, मग चांगला, आणि उतरले. स्लायडरच्या खालचा काळा रंग हातभर खरवडला होता. मुलाचा चेहरा जरा उतरला, पण मी त्याला म्हटलं, खरवडू दे, तो भाग घसरगुंडीचा आहे.

तुमच्या घरच्या गाडीचा उंबरा किती इंच आहे? मोजून कळवा.